वाड्याच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल सापडले, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा: सातारा जिल्ह्यातल्या एका गावात जुना वाडा उतरवायला घेतलाय. माळ्यावर पाच रुमाल, म्हणजे लाल फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी, निघाले, आतले कागद बहुतेक मोडीत. गावातल्या दहा-बारा जणांनी मिळून इतिहास मंडळ काढलंय आणि ते विचारताहेत, की कागद लॅमिनेट करून घ्यावेत का, स्कॅन कसे करावेत, आणि गावात ठेवावेत की पुण्याला द्यावेत.

लॅमिनेशनला सरळ नाही म्हणा. झेरॉक्सच्या दुकानातल्या यंत्रात प्लास्टिकवरचा चिकट थर उष्णतेनं वितळून कागदाच्या धाग्यांत उतरतो आणि तो पुन्हा सुटत नाही. कागदात असलेला दमटपणा आत कोंडला जातो, घड्या चुरगळून कायमच्या बसतात, आणि लाखेचा शिक्का असेल तर त्याचं काय होईल ते सांगायला नको. सेलोटेप, फेविकॉल, स्टेपलर, चकचकीत प्लास्टिकचे फोल्डर यांनाही हेच उत्तर. फाटलेला कागद फाटका राहिला तरी चालतो. चुकीनं चिकटवलेला कागद सोडवायला मात्र तज्ज्ञाचे दोन दिवस जातात, आणि तरी डाग उरतो.

पण मला वाटतं तुमची खरी अडचण वेगळीच आहे. दीडदोनशे वर्षं टिकलेल्या कागदाला सगळ्यात मोठा धोका सापडल्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत असतो. उत्साहानं रुमाल सोडले जातात, कागद सतरंजीवर पसरले जातात, 'हा शिवकाळातला दिसतो' म्हणून चारदोन बाजूला काढले जातात, बाकीचे तारखेनं लावू म्हणून एकत्र केले जातात. कागद सगळे शाबूत राहतात, पण त्यांची संगत मोडते. एक उदाहरण घ्या. बांधाच्या भांडणाचं निवाडपत्र, त्यासोबतच्या दोन जबान्या, एक महजर (जमलेल्या सभेच्या निर्णयाचा कागद), आणि 'पावले' एवढंच लिहिलेली बोटभर चिठ्ठी हे सगळं कुणीतरी एका सुतळीनं बांधून ठेवलेलं असतं. ती चिठ्ठी सुटी केली की रद्दी आहे. निवाडपत्राला लागून असली, तर हरकी किंवा शेरणी, म्हणजे निवाडा जिंकणाऱ्यानं सरकारला द्यायची रक्कम, भरल्याची पावती असू शकते. म्हणून पहिलं काम वाचन नाही, स्कॅनही नाही. जे जसं होतं तसं नोंदवणं हे पहिलं काम.

आता कशावर काय अवलंबून आहे तेही सांगून टाकतो. कागद कोरडे आहेत की ओले, वाड्याचे वारस किती आणि त्यांचं एकमत आहे का, तुमच्याकडे न गळणारी एक खोली आणि दर आठवड्याला येणारी दोन माणसं आहेत का, या तीन गोष्टींवर पुढचे बरेच निर्णय फिरतात. मी रुमाल कोरडे आहेत असं धरून लिहितो. ओल्यांचं मध्येच येईल.

रुमाल खाली आणण्याआधी ते होते त्या जागेचे मोबाइलवर फोटो काढा: कोणता रुमाल कुठे होता, शेजारी काय होतं, पेटीत होते की उघड्यावर. प्रत्येकाला लगेच आकडा द्या, १ ते ५, आणि आकडा जाड कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती गाठीला दोऱ्यानं बांधा. गाठ कापू नका. सुटत नसेल तर बोथट सुईनं सैल करा. गाठीत किंवा फडक्याच्या कोपऱ्यात अडकवलेली मूळची चिठ्ठी बऱ्याचदा असते, तीवर 'मौजे अमुक, जमाखर्च' असं काही लिहिलेलं सापडतं. ती चिठ्ठी त्या रुमालाची अनुक्रमणिका समजा.

पाचही रुमाल आपल्या इतर सामानात नेण्याआधी आठ-दहा दिवस वेगळे ठेवा. कसर लागलेली असेल तर ती तुमच्या वाचनालयाच्या पुस्तकांत जायला वेळ लागत नाही. पांढऱ्या कागदावर रुमाल ठेवून रोज पाहा: ताजा भुसा पडतोय का, चंदेरी किडे फिरताहेत का. दिसले, तर रुमाल दोन पॉलिथिन पिशव्यांत हवा काढून घट्ट बंद करा आणि घरच्या डीप फ्रीझरमध्ये, म्हणजे उणे १८ अंशांच्या आसपास, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही. उघडली, तर गार कागदावर बाहेरच्या हवेतलं पाणी धरतं. लाखेचे शिक्के, चित्रं किंवा जुने फोटो असलेले रुमाल मात्र फ्रीझरमध्ये घालू नका, लाख तडकते. वाळवीला हा उपाय नाही, कारण वाळवीचं घर कागदात नसतं, भिंतीत किंवा जमिनीत असतं. तिथे इमारतीचाच बंदोबस्त करावा लागतो.

डांबरगोळ्यांवर विसंबू नका. अंडी त्यानं मरत नाहीत आणि बंद खोलीत रोज काम करणाऱ्याला तो वास बरा नाही. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवायची असेल तर ठेवा, जुन्यांनी ठेवली, पण ती कागदाला टेकवायची नाही आणि कोरडेपणाऐवजी तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही.

पांढरी किंवा काळसर बुरशी दिसली तर तो गठ्ठा ताबडतोब बाजूला. एन-९५ मास्क, हातमोजे, आणि काम उघड्या पडवीत, पंख्याखाली नाही. बुरशी पूर्ण वाळू द्या, मगच मऊ ब्रशनं झटका. ओली असताना पुसली तर ती कागदात माखते. कडक उन्हात कागद पसरू नका. शाई फिकी पडते आणि कागद आखडतो. सावलीत, वारा खेळता असलेल्या जागी एकदोन दिवस पुरे. कागद खरोखर ओला असेल, तर हातात साधारण ४८ तास आहेत, त्यानंतर बुरशी धरते. टिपकागद मध्ये घालून, तो दर काही तासांनी बदलत वाळवायचं. तेवढी माणसं नसतील, तर पिशवीत घालून गोठवून ठेवायचं आणि सवडीनं थोडे थोडे काढायचे. मोडी कागदावरची शाई काजळ आणि बाभळीच्या डिंकाची असते. डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून ओल्या कागदावर बोट किंवा फडकं फिरवलं की अक्षर सरळ पुसून येतं. इंग्रजी अमदानीतल्या कागदांवर बऱ्याचदा हिराकसाची, म्हणजे लोहाच्या क्षाराची, शाई असते, तिचं दुखणं उलट. ती सहज धुतली जात नाही, पण कागद खाते, आणि अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराची भोकं पडतात.

कागदाचाही असाच भेद आहे. चिंध्यांपासून हातानं केलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद अठराव्या शतकातला असूनही बोटांखाली कापडासारखा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला गिरणीचा कागद त्याच रुमालात पिवळा पडून कडकडीत झालेला असतो, घडीवर वाकवला की तुटतो. लोक जुना म्हणून पहिल्याला जपतात आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतात. तुमच्या रुमालात आधी हात लावायचा तो या कडक कागदांना, आणि तोही कमीत कमी.

साफसफाईला एक आणि दोन इंची मऊ केसांचे ब्रश, पांढरा कोरा कागद अंथरलेलं टेबल, आणि स्वच्छ धुतलेले कोरडे हात लागतात. सुती हातमोजे टाळा, कागदाची फाटकी कड त्यात अडकते. ब्रश मधून कडेकडे, एकाच दिशेनं. अक्षरांवर बारीक चमचमणारे कण दिसतील. ती धूळ नाही, शाई टिपायला टाकलेली वाळू आहे. ती खरवडून काढायची नसते. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका. टाचणीच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून मग अलगद सोडवा. घडी उघडत नसेल तर उघडू नका. इस्त्री तर नाहीच. सहज उघडतो तो कागद दोन टिपकागदांमध्ये, वर पुस्तकाएवढं वजन ठेवून तीन-चार दिवस ठेवला की पुरेसा सपाट होतो.

लांब कागद म्हणजे एकाखाली एक बंद (कागदाचे सुटे तुकडे) चिकटवून केलेली पट्टी. जोड सुटलेले असतील तर चिकटवायला जाऊ नका, आधी जोडाची जागा नीट पाहा. महत्त्वाच्या कागदांवर मागच्या बाजूला नेमका जोडावर शिक्का मारलेला असतो, मध्ये दुसरा बंद कुणी घुसडू नये म्हणून. बंद सुटले की अर्धा शिक्का एका तुकड्यावर आणि अर्धा दुसऱ्यावर राहतो. ते दोन अर्धे जुळले की क्रम पक्का. तसंच शेवटी 'मोर्तब सूद' आणि खाली छोटा शिक्का असेल तर पत्र तिथे संपलं. तो नसेल तर तळाचा तुकडा हरवला असण्याची शक्यता धरा आणि तशी नोंद करा. मागचे 'सुरू सूद', 'बार सूद' असे शेरे दप्तरातून कागद गेल्याच्या खुणा आहेत. म्हणूनच मागची बाजू कोरी वाटली तरी तिचाही फोटो घ्यायचा.

आकडा घालायचा तो मऊ पेन्सिलीनं, २बी घ्या, मागच्या बाजूला खालच्या डाव्या कोपऱ्यात, मजकूर आणि शिक्का सोडून. पेन नाही, रबरी शिक्का नाही, मंडळाचं नाव तर मुळीच नाही. आकडा असा: रुमाल, मग गठ्ठा, मग कागद. तिसऱ्या रुमालातल्या दुसऱ्या गठ्ठ्यातला सतरावा कागद म्हणजे ०३-०२-०१७. सापडला त्याच क्रमानं. तारखेनं किंवा विषयानं लावायची हौस नोंदवहीत भागवा, कागदांवर नाही.

नोंदवही आधी कागदाचीच, बांधणीची, पानांना छापील क्रमांक असलेली. संगणकातली यादी तिच्यावरून. रकाने फार करू नका, चाळीस रकान्यांची वही दहाव्या पानानंतर कुणी भरत नाही. क्रमांक, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, बंद किती, शिक्के किती आणि कुठे, पहिली ओळ आणि शेवटची ओळ जशीच्या तशी, तारीख जशी लिहिली आहे तशी, अवस्था, आणि नोंद करणाऱ्याची सही. मोडी येत नसेल तर पहिल्या-शेवटच्या ओळीचा रकाना कोरा सोडा, नंतर भरता येतो. इसवी सनाचा रकाना वेगळा, आणि तो दुसऱ्या माणसानं भरायचा. तारखेतल्या चुका इथेच पकडल्या जातात.

वेगाचा अंदाज हवा असेल तर: दोन माणसं, एक कागद हाताळतो आणि एक लिहितो, चार तासांत साधारण चाळीस कागद नोंदतात. एका रुमालात चारशे धरले, तर पाच रुमालांचे दोन हजार. म्हणजे पन्नास रविवार. हा आकडा मंडळाच्या पहिल्या बैठकीतच सांगा, नाहीतर दिवाळीपर्यंत सगळं ऑनलाइन टाकू असं कुणीतरी गावात सांगून मोकळा होतो.

फोटो नोंदीसोबतच घ्या, म्हणजे कागद एकदाच हाताळला जातो. झेरॉक्स यंत्राची काच आणि झाकण घड्यांना मारक आहेत. कॅमेरा वरून खाली पाहणारा, स्टँडला घट्ट, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखा उजेड, फ्लॅश बंद. कागदाशेजारी सेंटिमीटरची पट्टी आणि रंगपट्टी, आणि चौकटीत कागदाच्या चारही कडा दिसल्या पाहिजेत. कागदाच्या मूळ मापाला इंचामागे ३०० बिंदू हे किमान. शाई फिकी असेल तर ४००. कॅमेरा नसेल तर मोबाइल चालेल, पण ते 'स्कॅनर' ॲप वापरू नका. ते कडा कापतं, कागद पांढराफेक करतं, आणि फिकट शिक्का त्यात साफ नाहीसा होतो. साधा कॅमेरा, पूर्ण रिझोल्यूशन. व्हॉट्सॲपवरून पाठवायची वेळ आलीच तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

साठवणीचा हिशेब सोपा आहे. ए-४ मापाचा रंगीत कागद ३०० ला, न दाबलेल्या टिफ फाइलमध्ये सुमारे २६ एमबी होतो. दोन हजार कागद, दोन बाजू, चार हजार फायली: जवळजवळ १०४ जीबी. एक टीबीच्या डिस्कवर आरामात बसतं, पण एकाच डिस्कवर ठेवायचं नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक गावाबाहेर. फाइलचं नाव म्हणजे कागदाचाच क्रमांक आणि पुढे १ किंवा २, म्हणजे पुढची की मागची बाजू. नावात देवनागरी घालायचा मोह टाळा. एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना ती नावं बिघडतात, आकडे बिघडत नाहीत. वर्षातून एकदा डिस्क लावून फायली खरंच उघडतात का ते पाहा. कपाटात ठेवलेली डिस्क गुपचूप मरते.

आता ठेवण्याबद्दल. जुनं लाल फडकं फेकू नका, तेही नोंदवून वेगळं ठेवा. नवीन बांधायला बिनरंगी मादरपाट (जाडसर सुती कापड) घ्या. पाच रुमालांना आत-बाहेर दोन पदर धरले, तर मीटरभर चौरसाचे दहा तुकडे लागतात. कापड दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा, नाहीतर कसरीला तुम्हीच जेवण वाढलंत असं होतं. लाल कापडच हवं असा घरच्यांचा आग्रह असेल तर ते बाहेरून, आत पांढरं, कारण दमट हवेत कच्चा लाल रंग उतरतो. गठ्ठ्याच्या वर-खाली आम्लरहित पुठ्ठा, बांधायला दीड-दोन सेंटिमीटर रुंद सुती फीत. दोरा नको, तो कडा कापतो. प्लायवुडच्या पाट्या नकोत. फार नाजूक कागद दुमडलेल्या हातकागदात ठेवावेत, मात्र विकत घेताना त्यात आम्ल नाही ना ते विचारून घ्या. पीएच पेनची एक रेघ मारली की कळतं.

लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर वर, बाहेरच्या पावसाळी भिंतीला तर नाहीच. मोरी किंवा पाण्याची टाकी वरच्या मजल्यावर नेमकी त्या खोलीवर नाही ना ते पाहा. नदीकाठचं गाव असेल तर खालचा मजलाच नको. २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचं, म्हणजे १८६४ पासूनच्या ग्रंथालयाचं, केवढं नुकसान झालं ते आपण पाहिलंय. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक आत टांगा. ४५ ते ५५ टक्के ही पुस्तकी मर्यादा आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये वातानुकूलनाशिवाय गाठता येत नाही, ते मान्य करा. मग करायचं काय, तर काटा ६५च्या वर जाऊ द्यायचा नाही. आत सिलिका जेल ठेवायचं, रंग बदलला की तव्यावर तापवून परत वापरायचं, आणि पावसाळी दिवशी कपाट उघडायचंच नाही. दसऱ्यानंतर कोरडी हवा सुरू झाली की दारं तास-दोन तास उघडी.

दसऱ्यावरून आठवलं. पूजेत रुमालांवर हळदकुंकू आणि ओली फुलं वाहतात. हळदीचा डाग कागदातून निघत नाही. हा विषय नाजूक आहे, रागावून सांगू नका. पाट मांडून त्यावर रिकामं जुनं फडकं आणि पुढे सुपारी ठेवली की घरच्यांचं समाधान होतं, आणि कागद कपाटातच राहतात.

वाचनाबद्दल थोडं. राज्य सरकारचं पुराभिलेख संचालनालय आणि काही संस्था मोडीचे वर्ग घेतात. तुमच्यातल्या दोघांनी तरी करावा. लिप्यंतर करताना ओळीला ओळ ठेवा, न लागलेला शब्द कंसात प्रश्नचिन्ह घालून तसाच सोडा, शुद्धलेखन सुधारू नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही आणि शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे नवशिका वाचक गावांची नावं हमखास चुकवतो. मौ॥ म्हणजे मौजे, प॥ म्हणजे परगणे, ही संक्षेपांची यादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा.

सगळ्यात जास्त चुका तारखेत होतात. समजा कागदावर 'सन सलास सितैन मया व अलफ, छ २ रबिलाखर' असं आहे. हे शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या दप्तरात चालणारी कालगणना, आहे आणि आकडे अरबी शब्दांत, एककापासून वर चढत: सलास ३, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. मिळून ११६३. शुहूर सन मृग नक्षत्र लागतं तेव्हा, म्हणजे मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून तेव्हापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. पण महिना कोणता? 'छ' म्हणजे चंद्र, हिजरी महिन्यातली तिथी. हिजरी महिने दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतात, त्यामुळे रबिलाखर म्हणजे अमुक इंग्रजी महिना असं कायमचं कोष्टक चालत नाही. त्या वर्षाची जंत्री, म्हणजे जुन्या तारखा इंग्रजी तारखांशी जुळवून देणारं पुस्तक, पाहावी लागते. इथे तो ऑक्टोबर येतो, म्हणून ११६३ अधिक ५९९, ऑक्टोबर १७६२. हाच सन मार्चमधल्या कागदावर असता तर १७६३. फसली सन (महसुली कामात चालणारा) शुहूरपेक्षा नऊनं पुढे असतो, तिथे ५९० किंवा ५९१ मिळवायचे. शकाला ७८ किंवा ७९, आणि राज्याभिषेक शकाला १६७३ किंवा १६७४. नुसतं 'सन' लिहिलेलं असेल तर कोणता सन ते ठरवल्याशिवाय इसवी सन लिहू नका. नऊ वर्षांचा फरक म्हणजे पानिपतच्या आधीचा कागद नंतरचा ठरायला पुरेसा आहे.

मालकीचं काम कागद हातात घेतानाच करा, नंतर नाही. वाडा सामाईक असेल तर एका भावानं हो म्हटलं म्हणजे सगळे भाऊबंद हो म्हणाले असं होत नाही. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांचं पत्र घ्या आणि त्यात स्पष्ट लिहा: दान की ठेव. कागदांवरून जमिनीचे वाद उकरले जातील ही भीती इनाम-वतनवाल्या घरांत असतेच, तेव्हा ठेव हा मधला मार्ग बरा. मालकी घराकडे, सांभाळ मंडळाकडे, घरच्यांना कधीही पाहता येईल, फोटोंची एक प्रत त्यांच्याकडे. मंडळ नोंदणीकृत नसेल तर पत्र कुणाच्या नावानं करणार? संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद करावी लागते. धर्मादाय कार्यालयात दोन्हीची चौकशी एकदमच करा.

कायद्याच्या आणखी दोन गोष्टी. १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यात ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना असेल तर तो पुरावस्तू धरला जातो. परदेशी राहणाऱ्या वारसाला 'आठवण म्हणून एक सनद' बॅगेत घालून नेता येत नाही. आणि वाडा उतरवताना भिंतीत किंवा जोत्यात नाण्यांचं मडकं निघालं, तर ते १८७८च्या निखात निधी कायद्यात येतं. दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. ठेकेदाराला हे कामाआधीच ऐकवून ठेवा.

गावात की पुण्याला? कोरडी खोली, दोन माणसं आणि नोंदणीकृत मंडळ ही तीनही तुमच्याकडे असतील तर गावात ठेवा. गावच्या शिवाराचे कागद गावच्या माणसाला जास्त लागतात: 'वडाचा माळ' कुठला ते पुण्यातल्या वाचकाला कळत नाही. यातलं एकही डळमळीत असेल, तर नोंद आणि फोटो पूर्ण करून मूळ कागद मोठ्या संस्थेत ठेव म्हणून द्या. इतिहासकार वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी स्थापन केलेलं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे, पुराभिलेख संचालनालयाच्या पुणे आणि कोल्हापूरच्या शाखा आहेत. तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे: इतिहाससंग्राहक द. ब. पारसनीसांनी साताऱ्यात जमवलेला मोठा संग्रह अखेर १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तो तिथे गेला म्हणून आज पाहता येतो. देताना एवढंच ठरवून घ्या, की संग्रह तुमच्या गावाच्या नावानं एकत्र राहील, फुटून इतर कागदांत मिसळला जाणार नाही, आणि तुमचे क्रमांक कायम राहतील.

आणखी एक, कारण हे तुमच्या दारात येणारच आहे. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून, म्हणजे २०२३ पासून, मोडी कागद म्हटलं की लोक धावत येतात. 'फक्त एक दिवस द्या, तहसीलला दाखवतो' म्हणतील. मूळ कागद खोलीबाहेर जाऊ द्यायचा नाही, ओळखीचा असो की पुढारी. फोटोची प्रत द्या, कोणाला कोणत्या क्रमांकाची दिली ते वहीत लिहा. ती खरी प्रत असल्याचा दाखला मंडळ देऊ शकत नाही. सरकारी काम असेल तर अधिकाऱ्यानं येऊन मूळ पाहावं. जात, कर्ज, घरगुती भांडणं असलेले अलीकडचे कागद, अंदाजे शेवटच्या दोन पिढ्यांचे, संबंधित घराला विचारल्याशिवाय ऑनलाइन टाकू नका.

आणि वाडा खरंच उतरायचाच असेल तर त्याआधी माळा रिकामा करताना तिथला केर टोपल्यांनी खाली फेकू देऊ नका. तो पोत्यांत भरून खाली आणा आणि पीठ चाळायच्या नाही, वाळूच्या चाळणीतून चाळा. वरच्या जाळीवर लाखेचे तुकडे, बोरूची टोकं, सुटलेल्या बंदांचे कोपरे, क्वचित पितळी शिक्का राहतो. तुकड्याच्या पाकिटावर रुमालाच्या जागेचा आकडा लिहा. वर म्हटलेला जोडावरचा उरलेला अर्धा शिक्का बहुतेक तिथेच असेल.